पाण्यातले संत अंतोनी

चप्पल ओळखायला आश्रुबा मास्तरांना चष्मा लागला नाही. निळा पट्टा, त्यावर प्लॅस्टिकचं फुलपाखरू, आणि फुलपाखराचा एक पंख दिवाळीतच मोडलेला. तानाजीने ती विहिरीच्या काठावरून उचलून आणली होती, आणि आता ती कुणाच्या हातात द्यावी हे त्याला सुचत नव्हतं.

"एकच हाय," तानाजी म्हणाला. "दुसरी लई हुडकली. न्हाई घावली."

तानाजी शेजारच्या मळ्यातला. मयतीच्या घरीसुद्धा काहीतरी बोलून लोकांना हसवणारा माणूस. आज त्याने काहीच थट्टा केली नाही, आणि मास्तरांना भीती वाटली ती चपलेपेक्षा त्यामुळेच.

प्रियदर्शनी, घरात दर्शी, ही मास्तरांची नात. वय नऊ. मास्तरांचा मुलगा सोमेश्वर आणि सून सुनिता दसऱ्यानंतर गहिनीनाथ मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेले होते. दर्शीची शाळा बुडू नये म्हणून तिला आजी-आजोबांकडे ठेवलं होतं. शिवाय येत्या रविवारी तिचं पहिलं कम्युनियन होतं, प्रभूची पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा दिवस. आज दुपारी शाळा सुटली, बाकीची पोरं घरोघर पोचली, दर्शी आली नाही. बोरांचे दिवस. कुठल्या तरी बोरीखाली रेंगाळली असेल म्हणून मास्तर आधी चिडले होते. त्या चिडण्याची आता त्यांना लाज वाटत होती.

"मास्तर, घाबरू नगा," तानाजी म्हणाला. "म्या गळ टाकून बघतो. निसती खात्री करून घ्यायची."

विहिरीत बादली पडली की ती काढायला लोखंडी आकड्यांचा गळ दोराला बांधून सोडतात. तो बादलीसाठीच असतो, असं मास्तरांना आजवर वाटत आलं होतं. त्यांनी मान हलवली, त्याच्या हातातली चप्पल घेतली आणि घराकडे वळले. बायकोला, वत्सलाबाईला, सांगायला हवं होतं. कसं सांगायचं, ते वाटेत जुळेना.

मास्तर हे शाळेचे मास्तर नव्हते. नेकनूरच्या अलीकडच्या त्या वस्तीवर ख्रिस्ती घरं मोजकीच. फादर महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी पत्र्याच्या खोलीत प्रार्थना घ्यायची, पोरांना धर्मशिक्षण द्यायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, ही कामं आश्रुबांची. चाळीस वर्षं त्यांनी ती केली, आणि चाळीस वर्षांत एकदाही आपण बरोबर शिकवतो आहोत अशी त्यांची खात्री झाली नाही. पुस्तकं वाचून आणि पुन्हा पुन्हा वाचून ते शिकवत. पण एका धड्यावर मात्र ते ठाम असत. संत हे देव नव्हेत. त्यांना हुकूम करायचा नसतो, नवस बोलून बांधायचं नसतं. ते आपल्यासाठी देवाकडे शब्द टाकतात. म्हणून तर प्रार्थनेत म्हणायचं, आमच्यासाठी विनंती कर.

घरात शिरल्याबरोबर त्यांची नजर सवयीने फडताळाकडे गेली. मरियेची तसबीर होती, क्रूस होता. मधली जागा रिकामी होती.

संत अंतोनी तिथे उभे असत. वीतभर उंचीचा प्लास्टरचा पुतळा, तपकिरी झगा, कमरेला पांढरी दोरी. जुने फादर बदली होऊन जाताना तो देऊन गेले होते. हरवलेलं सापडावं म्हणून वस्तीवरची माणसं, अगदी तानाजीसुद्धा, या अंतोनींची आठवण काढत.

वत्सलाबाई चुलीजवळ पाय पोटाशी घेऊन बसली होती. पुढ्यात पितळी हंडा. मास्तर वाकले. हंड्याच्या तळाशी, काठोकाठ पाण्याखाली, संत अंतोनी आडवे पडले होते.

"हे कावून केलंस?"

"कावून म्हंजे? पाण्यात घातलं."

"अगं, ते देव न्हाईत. आपण त्यांना—"

"ठावं हाय मला. शब्द टाकतेत. जलम गेला तेच ऐकन्यात." तिने नजर हंड्यावरून काढली नाही. "मग टाका म्हनावं शब्द. पोरगी सापडंना अन् हे फडताळात कोरडे ठणठणीत उभे. त्यास्नीबी कळू दे जीव कसा गुदमरतो ते."

 मास्तरांनी तिच्या पदराजवळ चप्पल ठेवली. तिने ती पाहिली, हातात घेतली, तुटलेल्या पंखावरून अंगठा फिरवला.

"कुठं घावली?"

"तानाजीच्या हिरीवर."

वत्सलाबाई रडली नाही. तिने हंडा दोन्ही हातांनी धरला आणि जवळ ओढला. थोडं पाणी सांडलं.

"माझ्या आज्जीनं खंडोबाचा टाक पाण्यात ठेवलता," ती म्हणाली. "मामा जत्रंत चुकलता तवा. तिसऱ्या दिशी चालत घरी आला. आज्जी म्हनायची, काम झाल्याबिगर काढायचा न्हाई. मधीच काढला तर देव पाठ फिरवतो. तुमी हात लावू नगा."

किती तरी वर्षांपूर्वी एका बाईने हाच पुतळा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, नवऱ्याची दारू सुटेपर्यंत. तेव्हा मास्तरांनी तिला भर प्रार्थनेत समज दिली होती. ती बाई नंतर बरेच रविवार आली नाही. ते सगळं आता त्यांना आठवलं. त्यांनी बाही वर केली, हात हंड्याकडे नेला. बोटं पाण्याला लागणार तेवढ्यात मनात आलं, आणि खरंच पाठ फिरवली तर?

हात तिथेच थबकला. चाळीस वर्षांचं धर्मशिक्षण हंड्याच्या काठापर्यंत आलं आणि पुढे सरकेना.

त्यांनी हात मागे घेतला. वत्सलाबाईने ते पाहिलं. तिने नजर पुन्हा हंड्याकडे वळवली, हे तिचे उपकारच.

बाहेरून गळाचा आवाज आला. आकडे दगडाला घासत खाली जात होते. मग पाण्यात पडल्याचा. मग काहीच नाही. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून मास्तरांनी पुतळ्याकडे टक लावली. पाणी आता स्थिर झालं होतं. तपकिरी रंगाचा एक बारीक धागा झग्यातून सुटून वर येत होता. आणि तेव्हा त्यांना दिसलं, जे ते रोज बघत होते आणि बघत नव्हते.

"वत्सला," ते म्हणाले. "त्यांच्या हातावर कोण हाय, बघितलंस का?"

तिने वाकून पाहिलं.

संत अंतोनींच्या डाव्या हातावर बाळ येशू बसलेला असतो. याही अंतोनींच्या हातावर होता. करंगळीएवढं लेकरू, एक हात वर केलेला, तोंड किंचित उघडं. तेही पाण्याच्या तळाशी होतं.

वत्सलाबाईच्या हातून हंड्याचा काठ सुटला.

"म्या लेकरू पाण्यात घातलं," ती म्हणाली. अगदी हळू, जसं कुणी दुसऱ्याचं सांगावं. "माझ्या हातानं घातलं."

"तुझ्या ध्यानात आलं न्हाई."

"काढा मग."

"मधी काढायचं न्हाई, तूच म्हणलीस."

"म्हनले."

"मग?"

 काढलं तर पाठ फिरणार, ठेवलं तर लेकरू पाण्यात. हंड्याच्या अलीकडे एक म्हातारा, पलीकडे एक म्हातारी, आणि दोघांपैकी कुणाचाही हात उठेना. हे सगळं खोटं आहे, हे मास्तरांना माहीत होतं. प्लास्टर आहे, पितळ आहे, पाणी आहे. पण माहीत असणं एकीकडे होतं आणि भीती दुसरीकडे, आणि भीतीच्या बाजूला विहीर होती.

"मास्तर," तिकडून तानाजीची हाक आली. "जरा इकडं या. एकट्यानं दोर वढंना. कायतरी जड लागलंय."

मास्तर उठले. उठले आणि पुन्हा खाली बसले. मग त्यांनी बाहीसकट हात हंड्यात घातला आणि पुतळा बाहेर काढला. पाणी कोपरापर्यंत निथळलं.

"अवो," वत्सलाबाई म्हणाली.

"पाठ फिरवायची तर फिरवू दे," मास्तर म्हणाले. "लेकरू पाण्यात ठेवून मला तिकडं जाता येणार न्हाई."

विहीर घरामागच्या बांधापलीकडेच होती, पण मास्तरांना ती वाट संपता संपेना. ओला पुतळा त्यांनी छातीशी धरला होता, सदऱ्यावर तपकिरी डाग पसरत होता. ओठ आपोआप हलू लागले. नमो मरिये, कृपापूर्णे. ही प्रार्थना त्यांनी इतक्या वेळा म्हटली होती की तिचे शब्द जिभेला कळतच नसत. पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी—

तिथे जीभ अडखळली. मरण हा शब्द त्यांच्याने उच्चारवेना. या वाटेवर नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबले. शेवटी ते एवढंच म्हणू लागले, आता विनंती कर. आता. आता.

तानाजीने दोर कमरेला गुंडाळून पाय काठाला रोवले होते. मास्तरांनी पुतळा गवतात ठेवला आणि दोर धरला. दोघांनी ओढलं. खाली पाणी ढवळलं. काहीतरी निळं वर आलं.

दर्शीचा शाळेचा झगा निळा होता.

मास्तरांनी डोळे मिटले. दोर मात्र सोडला नाही. डोळे मिटून ओढत राहिले, हाताची कातडी सोलत गेली, आणि मग तानाजीचा आवाज आला, चिडलेला आणि रडवेला, दोन्ही एकदम.

"ताडपत्री हाय मास्तर. माझीच. वादळात उडालती ती."

चिखलाने भरलेली ताडपत्री काठावर येऊन पडली. तानाजी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिला. मग त्याने सदरा काढायला सुरुवात केली. "आता म्याच उतरतो," तो म्हणाला. मास्तरांकडे न बघता.

त्याने एक पाय पायरीवर टाकला तेव्हाच बांधावरून कुणीतरी बोलत येताना ऐकू आलं. पुढे काठी टेकत गहिनीनाथ मुकादमाची आई कडूबाई, आणि तिचा पदर धरून दर्शी. दर्शीचे पाय अनवाणी, धुळीने पांढरे. हातात एक निळी चप्पल.

"मास्तर, ही तुमचीच नव्हं?" कडूबाई म्हणाली. "उन्हाची चालत माझ्या वस्तीवर आली ओ. दारात येऊन म्हनती, तुमी मुकादमाच्या आई ना. अन् माझ्यापुढं गुडघंच टेकले. म्हनली, माझ्यासाठी विनंती करा. म्या तर भ्यालेच. पोरीला कायतरी झालं का काय."

 मास्तर ताडपत्रीच्या चिखलातच बसले.

"दर्शे," ते म्हणाले, "कुठं गेलतीस बाळा?"

दर्शीला आजोबांचा हा आवाज अनोळखी होता. ती कडूबाईच्या आड सरकली.

"तुमीच शिकवलं ना आबा," ती म्हणाली. "काना गावच्या लग्नातलं. द्राक्षारस संपला तवा आईनं येशूला सांगितलं. तुमी म्हणले, मोठ्या माणसाकडं थेट जायला भ्या वाटलं तर त्याच्या आईकडं जावं. आईचा शब्द लेक मोडत न्हाई. मग म्या गेले. माझी आई कम्युनियनला यायला पायजे. मुकादम सोडतेत का न्हाई?"

 तानाजीने काढलेला सदरा उलटाच अंगात घातला.

"मास्तर," तो म्हणाला, "जरा जपून शिकवत जा. उद्या कलेक्टरच्या आईकडं जाईल."

आणि मग तो तोंड फिरवून विहिरीत बघत राहिला, बराच वेळ.

कडूबाई म्हणाली, "लावला म्या फोन गहिनीला. टाकला शब्द. बघू म्हनला." तिने काठी या हातातून त्या हातात घेतली. "माझं कवा ऐकतो तो. पर बघू तरी म्हनला."

"अन् ही चप्पल?" तानाजीने विचारलं.

"ती तुटली म्हणून टाकली," दर्शी म्हणाली. "ही चांगली हाय. चांगली कशाला टाकायची?"

तेवढ्यात वत्सलाबाई पोचली. तिने आधी दर्शीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला अशी आवळली की पोरीला श्वास घेता येईना.

दिवेलागणीला मास्तरांनी पुतळा पुसायला घेतला. झग्याचा रंग अर्धा उतरला होता. अंतोनींचा एक डोळा आणि भुवई पांढरी पडली होती. बाळाला मात्र फारसं काही झालं नव्हतं. मास्तरांनी धोतराचं टोक बोटाला गुंडाळून बाळाचं तोंड टिपलं, उघड्या ओठांतलं पाणी टिपलं, पुन्हा टिपलं.

"पाण्यात घातलं म्हनून आली," वत्सलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

इतर वेळी मास्तरांनी तिला समजावलं असतं. आज ते पुतळा पुसत राहिले. दर्शी कडूबाईकडून घरी यायला निघाली ती कधी, पुतळा पाण्यात असताना की बाहेर काढल्यावर, हे तिला विचारावं असं त्यांच्या मनात येत होतं. विचारण्याची त्यांना हिंमत झाली नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी ते त्यांना उद्या शिकवता आलं नसतं.

हंड्यातलं पाणी वत्सलाबाईने मोरीत ओतलं नाही. ते ती अंधार पडायच्या आत कडुलिंबाच्या बुडाशी घालून आली.

मग तिघं फडताळापुढे बसली. प्रार्थना दर्शीने सुरू केली, रविवारसाठी पाठ व्हायला हवी म्हणून मोठ्याने. तिचा आवाज कुठेही न अडखळता पुढे गेला. आम्हां पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. मास्तरांचे ओठ ‘आता’ या शब्दावरच थांबले होते. त्यांनी तिचं मनगट धरलं होतं.

"आबा," दर्शी हळूच म्हणाली, "हात दुखतोय."

मास्तरांनी पकड सैल केली. हात सोडला नाही.