माझा भुरका आणि सासऱ्यांचा पाइप

माझ्या जिभेचा कंपनीने अजून विमा उतरवलेला नाही, ही गोष्ट मला आजही पटत नाही. मी चहाच्या कंपनीत मुख्य टी-टेस्टर आहे. बाजारात जाणारा प्रत्येक चहा आधी माझ्या जिभेवरून जातो. चमच्यात चहा घ्यायचा, जोरात भुरका मारायचा म्हणजे तो तोंडभर उडतो, मग पिकदाणीत थुंकायचा आणि पुढच्या वाडग्याकडे वळायचं. सगळा कारभार दोन श्वासांचा. माझा भुरका खालच्या मजल्यावर ऐकू जातो. तिथली टायपिस्ट पूर्वी दचकायची, आता टंकता टंकता नुसती मान हलवते.

कंपनीचा सगळ्यात जुना चहा, लाल डब्यातला, तो माझ्या हातचा. दुकानात तो डबा मांडलेला दिसला की मी उगाच थांबतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाने तो उचलावा म्हणून त्याच्याकडे बघत राहतो. लोक घाबरून बिस्किटांकडे सरकतात.

पण साहेबांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं. माझी सहायक, जिला आम्ही सगळे शिट्टी म्हणतो कारण तिच्या भुरक्यातून शिट्टी वाजते, तिने एक नवं मिश्रण तयार केलं होतं. सोमवारी दोन्ही चहा चाखायचे आणि एकच ठेवायचा, असं ठरलं. शिट्टीचा चहा आला तर लाल डबा बंद. मला काळजी नव्हती. जीभ माझी होती आणि निकालही मीच देणार होतो.

आणि नेमकं शनिवारी जेवताना सासऱ्यांनी तोंड उघडलं. ते माझ्या बायकोचे वडील, आम्ही दोघंही त्यांना बाबा म्हणतो. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, दुकान बंद केल्यापासून आमच्याकडे असतात. रोज संध्याकाळी गॅलरीत बसून पाइप ओढतात. एक पाइप त्यांना दिवेलागणीपासून जेवणाच्या हाकेपर्यंत पुरतो. इतका संथ माणूस मला बघवत नाही.

"जावईबापूंची जीभ तेज आहे," मीठ मागावं तशा आवाजात ते म्हणाले, "पण त्यांना चव कळत नाही."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. "मला चव कळत नाही?"

"ओळखता येते हो. कळत नाही."

"बाबा, उद्या तुमचा पाइप ओढतो आणि तुमच्या तंबाखूची कुंडली मांडून दाखवतो."

"अहो, सोमवारी तुमची परीक्षा आहे ना?" बायको म्हणाली.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. या घरात माझ्याकडेही तेच होतं.

रविवारी बाबांनी डबी उघडली. व्हर्जिनिया तंबाखू, पिवळसर तपकिरी, वास थेट उन्हात वाळलेल्या गवताचा. त्यांनी चिमूटभर काढून कागदावर पसरली आणि हाताची घडी घालून बसले.

"आता काय?" मी विचारलं.

"वाळू द्या. ओली पेटवली तर वाफ होते आणि जीभ भाजते."

आम्ही तंबाखू वाळताना बघत बसलो. यापेक्षा कंटाळवाणं काम मी आजवर केलेलं नाही, आणि मी कंपनीच्या सगळ्या मीटिंगा केल्या आहेत. मग पाइप भरायचा. तळाशी लहान मुलाच्या हलक्या हाताने, मध्ये आईच्या हाताने, वर बापाच्या हाताने. मी तिन्ही थर बापाच्याच हाताने ठासले. बाबांनी सगळं उकरून पुन्हा भरलं. एक काडी लावली, तंबाखू फुगून वर आली, ती दाबली, दुसरी काडी लावली.

"आता घुटके घ्या," ते म्हणाले. "विझतोय की काय असं सारखं वाटलं पाहिजे. व्हर्जिनियात साखर फार असते. घाई केली की ती जिभेला चावते."

जित्याची खोड. मला चव घ्यायची एकच रीत ठाऊक आहे. मी भुरका मारला.

पाइपमधून ठिणग्या उडाल्या. एक बाबांच्या मिशीवर बसली, त्यांनी ती शांतपणे चिमटीत विझवली. "गवत," मी ठसकत ओरडलो. "लिंबाची साल. भाजलेला पाव."

"नावं सांगू नका, ओढा. म्हणजे, ओढू नका."

मी पुन्हा भुरका मारला. पाइप इतका तापला की रुमालात धरावा लागला, आणि आतून नळाला पाणी येण्याआधी येतो तसा गुडगुड आवाज यायला लागला. बायकोने सगळ्या खिडक्या लावल्या आणि आम्हा दोघांना गॅलरीत कोंडलं. पहिला पाइप संपला तेव्हा मला काहीच गवसलं नव्हतं, म्हणून मी दुसरा मागितला आणि मग हट्टाने तिसरा.

संध्याकाळी जिभेचं टोक सोलल्यासारखं झालं होतं. बायकोने चमचाभर व्हिनेगर दिलं. मी विचारलं, "पाणी का देतेस?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला," ती म्हणाली, "आता भोगा."

सोमवारी मी कामावर गेलो तो एक युक्ती घेऊन. लाल डब्यातल्या चहाचा रंग मी झोपेतही ओळखीन. जिभेची गरजच नव्हती. भुरक्याचं नाटक करायचं, थुंकायचं, आपल्या वाडग्याकडे बोट दाखवायचं आणि घरी जायचं.

टेबलावर दोन पांढरे वाडगे होते. डाव्यातला चहा तांबूस, तो माझा. उजवा जरा फिका, तो शिट्टीचा. साहेब खुर्ची ओढून बसले. शिट्टी चमचा हातात घेऊन उभी होती. मी चमचा तोंडाशी नेला. नुसती वाफ जिभेला लागली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, माझ्यासमोर तर उकळता चहा होता.

"जरा थांबू या," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. चेहरा होईल तितका गंभीर केला.

"सर एवढे विचारात कधीच नसतात," शिट्टी साहेबांच्या कानाशी पुटपुटली.

चहा निवला. मी वाडगाच दोन्ही हातांनी उचलला आणि बाबा पाइप ओढतात तसा ओठांच्या कडेने एक घुटका घेतला, भाजलेलं टोक वाचवून. थुंकायला गेलो असतो तर तो त्याच टोकावरून गेला असता. म्हणून गिळला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. कंपनीचा चहा कंपनीच्या टेस्टरने गिळलेला कुणी पाहिला नव्हता.

आधी काहीच लागलं नाही. मग जिभेच्या मागच्या भागात चव हळूहळू उमटली, आणि ती झकास होती. माझी छाती फुगली. आणखी काही घुटक्यांनी ती जरा उतरली. अर्धा वाडगा झाल्यावर चहा तुरट व्हायला लागला आणि तळाशी पोचलो तेव्हा गंजकं कुलूप चाटत असल्यासारखं वाटलं. मी चटकन दुसरा वाडगा घेतला. सुरुवातीला अगदीच मिळमिळीत. मला बरं वाटलं. पण तो जसजसा निवला तसतसा गोड होत गेला आणि शेवटचा घोट संपल्यावर मी वाडग्यात डोकावून आणखी आहे का ते बघितलं.

तेव्हा मला कळलं. मी लाल डबा भुरक्यासाठी बनवला होता. दोन श्वासांपुरता तो उत्तमच होता. पण घरी चहा कुणी थुंकत नाही.

"बोला," साहेब म्हणाले.

माझा हात डावीकडे गेलासुद्धा. नुसतं बोट लांब करायचं होतं. तो डबा दुकानातून गेला, तर मग मी तिथे थांबणार कशासाठी? शिट्टी माझ्या बोटाकडे बघत होती. मला तिचा फार राग आला, तिच्या चहाचा त्याहून जास्त, आणि सासऱ्यांचा सगळ्यात जास्त.

"उजवा," मी म्हणालो.

"नक्की?"

"डावा अर्ध्यापर्यंतच चांगला आहे."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"संपवला."

साहेबांनी संशयाने डाव्या चहाचा दुसरा वाडगा भरून घेतला आणि शेवटपर्यंत प्यायले. शेवटच्या घोटाला त्यांनी पिकदाणी शोधली, ती लांब होती, म्हणून डोळे मिटून गिळला. मग उठून शिट्टीचा हात हातात घेतला.

ते गेल्यावर शिट्टीने हळूच विचारलं, "सर, डावा तुमचा आहे हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"मला काय रंग दिसत नाहीत?" मी खेकसलो. ती रडायला लागली, मग मलाही रडू आलं, आणि आम्ही दोघांनी वाडगे धुऊन टाकले.

घरी आलो तर बाबा गॅलरीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तंबाखू कागदावर पसरली. या वेळी मी वाळू दिली. पाइप भरला, पेटवला, आणि तो विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. बाबा दर वेळी काडी पुढे करायचे. खूप वेळाने, मी लक्ष द्यायचं सोडून दिल्यावर, धुरातून कोमट गवताचा वास आला आणि त्यामागून बारीकशी गोडी, कुणी शेजारच्या खोलीत पाव भाजत असल्यासारखी. नाव सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांनी मान डोलावली.

बायको चहा घेऊन आली. लाल डब्यातलाच, कंपनीतून फुकट मिळतो तो. तिला मी सगळं सांगितलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. अर्धा कप रोज कुंडीत जातो. ते झाडही मेलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं होतं," ती म्हणाली. "पण माझा कप अर्ध्यावर येईपर्यंत तुम्ही कधी बसलात का?"

मी पाइप बाबांच्या हातात दिला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि कप उचलला. चहा निवत गेला, तिने शिट्टीबद्दल विचारलं, मग शेजारच्या जिन्याबद्दल काहीतरी सांगितलं, मग तिच्या गुडघ्याबद्दल, जो म्हणे वर्षभर दुखतोय. तळाशी चहा भयंकर होता. मी तो संपवला आणि दुसरा मागितला.