थेट जोडलेली तार

“सूनबाई, गाडीतल्या त्या कॅमेऱ्याची तार थेट बॅटरीला जोडून घेऊ नकोस. किल्ली काढली तरी तो वीज खातच राहील,” बाबांनी, तिच्या सासऱ्यांनी, बजावलं होतं. तिने ते कानामागे टाकलं. लेक दीड वर्षाची. मागे बसलेल्या पोरीवर नजर हवी, आणि उभ्या गाडीभोवती कोण घुटमळतं तेही कळायला हवं. शिवाय विज्ञानाची पदवी तिची. बाबांचा जन्म टपाल वाटण्यात गेलेला.

महिन्याभरात गाडी अडून बसायला लागली. दर चार दिवसांनी किल्ली फिरवली की नुसतं टकटक. तिने चोर मनातच ठरवून टाकला. सासूबाई गेल्यापासून बाबा दुपारचे गाडीत जाऊन बसत. पोर तापाने फणफणलेली आणि गाडी ढिम्म, त्या दिवशी जिन्यात, शेजाऱ्यांसमोर ती बोलून गेली, “बाबा, रेडिओ ऐकायला घरात जागा कमी पडते का?”

बाबांनी जवळची किल्ली निमूट तिच्या हातात दिली. नंतर आठवडाभर ते खोलीतून जेवणापुरते बाहेर येत.

शेवटी तिने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बॅटरी चार्ज करून गाडी सुरू केली, मीटर लावला. “चौदाच्या वर व्होल्ट येताहेत. चार्जिंग ठणठणीत आहे, ताई. गाडी बंद असताना कोणीतरी खातंय.”

“सासरे रोज दुपारी अर्धा तास रेडिओ लावायचे.”

“रोज अर्धा तास रेडिओ? त्याने काय होतंय.”

इंजिन बंद करून, दारं लावून त्याने पुन्हा मीटर जोडला आणि गाडी शांत व्हायची वाट पाहिली. आकडा अर्ध्या अँपिअरवर थांबला. असायला हवा होता त्याच्या दसपट. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलेना. मग त्याने बॅटरीच्या टोकाला चिकटलेली बारीक लाल तार उपटली. आकडा झपकन खाली आला.

“ही फ्यूजपेटीतून गेलीच नाही, थेट जोडलीय. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी,” तो हसला. त्याला काय माहीत. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो गेल्यावर तिने कॅमेऱ्याचं कार्ड मोबाइलला लावून पाहिलं. बाबा मागच्या सीटवर, पोरीच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेले. रेडिओला हातसुद्धा नाही. चष्मा काढून ते रडत होते, आवाज न करता. मग तोंड पुसलं, उतरले, दार नीट लागलंय ना ते दोनदा ओढून पाहिलं. घरात पोर घाबरेल म्हणून माणूस रडायला खाली जात होता, आणि तीही जागा तिने काढून घेतली होती.

ती वर गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“बाबा, चूक माझी होती. तुम्ही सांगितलं होतंत.”

“नवी बॅटरी घेऊ नका,” ते वळले नाहीत. “आताची चालेल अजून.”

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती खाटेच्या कडेला बसून राहिली. त्यांच्या पायावर हात ठेवायचाही तिला धीर झाला नाही.

तुमच्याही घरात कोणी हल्ली विचारल्याशिवाय बोलत नसेल, तर त्यांचा स्वभावच तसा म्हणून सोडून देऊ नका. हे वाचून झालं की उठा, त्यांच्या खोलीत डोकावून या.