पेंढ्याचं रेडकू

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे सतपालचा गोठा आहे. अकरा म्हशी, एक नळ, आणि गाझियाबादच्या या कोपऱ्यातली तीन-चार दुकानं चालतील इतकं दूध. पशुसंशोधनातल्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी रविवारी सोसायटीतल्या मुलांना तिथे नेतो आणि नुसतं बघायला शिकवतो. पाण्यावर आधी कोण जाते, कोण कोणाला वाट देते, कोण कोणाशेजारी बसते. मुलं चार रविवार येतात, मग त्यांचं क्रिकेटचं कोचिंग सुरू होतं. उत्तरा तेवढी टिकली. अकरा वर्षांची, सातव्या मजल्यावरची.

जानेवारीत कल्लो नावाच्या म्हशीला रेडकू झालं. नर. उत्तराने त्याचं नाव चिकू ठेवलं. पंधरा दिवसांनी सतपाल म्हणाला, होळीआधी टेम्पो येईल.

"टेम्पो कशाला, आजोबा?"

"तो नर आहे. दूध देणार नाही, आणि इथे रेड्याला आता कोणी जुंपत नाही. रोज दोन लिटर पितो, तेवढं दूध सतपालला विकता येईल."

"पण तो नसला तर कल्लो पान्हा कशी सोडेल?"

पान्हा हा शब्द तिला माझ्याकडूनच मिळालेला. तिच्या घरी दूध पिशवीतून येतं.

सतपालने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे मागच्या वर्षीच्या एका रेडकाचं कातडं होतं, आत पेंढा भरलेला, पायांच्या जागी चार काठ्या. धार काढताना म्हशीपुढे ते उभं करायचं.

उत्तराने ते बराच वेळ निरखलं. "कल्लो को बुद्धू समझते हो, अंकल?"

"भैंस है, बेटा. बुद्धू ही है."

"और नहीं निकली तो?"

सतपाल हसला. "चलो, डॉक्टर साहिबा दिखा दें कि कटड़ा रखने में फ़ायदा है, तो नहीं बेचूँगा. मास्टरजी गवाह."

मी साक्षीदार झालो. वहीत रकाने आखून दिले आणि दोन नियम सांगितले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि आलेला आकडा आपल्याला आवडो न आवडो, तोच लिहायचा.

एक दिवस चिकू, एक दिवस पेंढ्याचं रेडकू, असं ठरलं. शाळेची बस सातला यायची, म्हणून ती साडेपाचला स्वेटरवर स्वेटर घालून गोठ्यात हजर असायची. चिकू समोर असला की कल्लो मिनिटाभरात पान्हा सोडायची. सकाळचं पाच लिटर. पेंढ्याच्या रेडकाला तिने एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. तीन लिटर, तेही लाथा झाडत.

"यार आजोबा, तीनच! अंकलचं तोंड बघितलंत?"

दुसऱ्या खेपेलाही तीनच. पण त्या दिवशी परतताना तिने वही पुन्हा उघडून बघितली. गेटपाशी आल्यावर म्हणाली, "हे चीटिंग होतंय."

"कोण करतंय?"

"मीच. चिकू नसतो, ही एक गोष्ट. पण त्या कातड्याला वासपण दुसऱ्याच कोणाचा तरी येतो. म्हणजे दोन गोष्टी बदलल्या ना."

तीस वर्षं मी पदवीधर पोरांना शिकवलं. न सांगता हे कोणाला सुचलं नव्हतं.

"मग काय करशील?" मी विचारलं.

"चिकू ज्या गोणपाटावर झोपतो ना, ते पेंढ्याच्या रेडकाच्या पाठीवर बांधते. मग फेअर."

"शाबास," मी म्हणालो.

गोणपाट बांधलं त्या दिवशी कल्लोने हुंगलं, थांबली, पुन्हा हुंगलं आणि चाटायला लागली. चार लिटर. त्यानंतर साडेचार. शेवटच्या सकाळी पाच लिटरला कपभर कमी. उत्तरा पेन उघडून उभी राहिली.

"लिहू?"

"आलं ते लिही."

तिने लिहिलं. सतपालला हिशेब मांडून दाखवायची गरज नव्हती. कपभर दूध एकीकडे, दोन लिटर दुसरीकडे.

"मान गए," तो तिला म्हणाला, "दो पीढ़ी से यही काम है, बोरी वाली बात हमें नहीं सूझी." त्याची थट्टा नव्हती, तो मनापासून बोलत होता. दुसऱ्या एका म्हशीसाठीही त्याने त्याच दिवशी गोणपाट काढून ठेवलं.

टेम्पो मंगळवारी आला, ती शाळेत असताना. संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याकडे आली. रडलेली दिसत होती, पण बोलली नेहमीसारखीच.

"गोणपाटाचा वास तर जाणारच ना? आठ दिवसांत? मग कल्लो दूध चोरेल, आतच धरून ठेवेल. मग अंकलना कळेल, आणि पुढचं रेडकू ते ठेवतील."

"नाही गं. वास जातो, पण तोवर तिला सवय झालेली असते. मग नुसतं गोणपाट पुरतं. पुढे तेही लागत नाही, बादलीचा आवाज झाला की पुरे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी मोजलंय. नोकरीत असताना. साठ म्हशी, दोन वर्षं."

"गोणपाट बांधून?"

"गोणपाट बांधून."

ती माझ्याकडे बघत राहिली. असं बघायला मीच तिला शिकवलं होतं.

"म्हणजे मी बांधायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग शाबास का म्हणालात?"

"तुझं बरोबर होतं म्हणून."

तिने वही टेबलावर ठेवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं. किती वेळ चाटते, असं वर लिहिलेलं होतं.

"हा राहिलाय. धार संपल्यावरपण ती चाटतच होती. माझी बस आली, म्हणून मोजता आलं नाही. तुम्ही मोजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ घेऊन गोठ्यात गेलो. धार संपली, सतपाल बादली घेऊन गेला. कल्लो गोणपाट चाटत होती. चाटून चाटून एका जागी कातड्याच्या शिवणीची सुतळी निघाली होती, तिथून पेंढा दिसत होता, तिथेही ती चाटत होती. सतपालने येऊन पेंढ्याचं रेडकू उचललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं, तेव्हा सतरा मिनिटं झाली होती. कल्लोने दावं ताणून मान तिकडे वळवली.

मी सतरा लिहिले. वही माझ्याकडेच आहे. उत्तरा ती न्यायला आलेली नाही.