बारदानावरच्या दाण्यांचा फोटो

मी फोटो बोलतोय. लग्नातला नाही, प्रशिक्षणातला. मोबाइलवर चालणाऱ्या बियाणे प्रशिक्षणाच्या तिसऱ्या धड्यात मला डकवलंय. आणि मला राग आलाय, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म किन्हीराजा गावात, सुकेशनीच्या अंगणात झाला. पेरणीआधी अर्धं गाव घरचं सोयाबीन तिच्याकडे आणतं. ती शंभर दाणे मोजून ओल्या बारदानात गुंडाळते, चार-पाच दिवसांनी उलगडते आणि मोड आलेले दाणे बोटांनी मोजते. तिला दिसत नाही. मोजणी मात्र कधी चुकलेली नाही. प्रशिक्षणवाल्या राजपालने तिच्या अशाच एका उलगडलेल्या बारदानाचा फोटो काढला, तो मी.

धडे चढवताना प्रत्येक फोटोखाली वर्णनाची चौकट आली. ज्यांना दिसत नाही त्यांना मोबाइल ते वर्णन वाचून दाखवतो. चौकट रिकामी ठेवली की पुढचं पान उघडेना, म्हणून या पठ्ठ्याने चाळीसच्या चाळीस चौकटींत 'फोटो' एवढंच टाकलं आणि चहाला निघून गेला. माणसांना रकाने भरायची भारी घाई; आत काय भरलं याच्याशी देणंघेणं नाही.

आता बचत गटाचं बियाणं तपासायचं काम प्रमाणपत्र असलेल्या बाईलाच मिळणार. म्हणून सुकेशनी या प्रशिक्षणाच्या परीक्षेला बसली. माझ्यावरच प्रश्न आला : चित्रातलं बियाणं पेरायच्या लायकीचं आहे का? मोबाइल म्हणाला, "फोटो." तिने पुन्हा बोट ठेवलं. "फोटो." मी आतल्या आत चरफडत राहिलो. ती दोनदा नापास झाली.

पुतणी निकिता मोबाइलमध्ये डोकावली. "काकू, हे तं आपलंच बारदान हाय. सांगू का मोजून?"

"नको," सुकेशनी म्हणाली आणि तिने राजपालला फोन लावून मोबाइल नुसतं 'फोटो' म्हणतो, हे सांगितलं.

"ताई, कायले टेन्शन घेता? कोणाले तरी विचारून उत्तर टाकून द्या ना," तो म्हणाला.

"मंग परमानपत्र बी त्याच्याच नावानं काढजो." तिने फोन ठेवला.

उद्या सकाळी तिचा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न आहे. माझ्या चौकटीत अजून तोच एक शब्द आहे. राजपाल, थोडी लाज असेल तर आजच ही चौकट उघड. सुचत नसेल तर मी सांगतो, तू नुसतं लिही : ओल्या बारदानावर सोयाबीनचे शंभर दाणे, अठ्ठ्याहत्तरांना मोड, बावीस तसेच. पेरायचं की नाही, ते ती ठरवेल.