सी कद्दूरचं कागद सरळ करणारं यंत्र

कोर्टामागच्या गल्लीत सी कद्दूरच्या दुकानापुढे माणसं अशी दाटली होती, की शेजारी बिसाराची आमटी विकणारा आपलं पातेलं उचलून पार मशिदीच्या कोपऱ्यावर गेला होता. दुकानात भिंतीवर मोठा पडदा होता आणि पडद्यावर कुणाचा तरी जुना दस्त तिरका पडला होता. सी कद्दूर एक हात शालीखाली ठेवून, डोळे मिटून पुटपुटला, हिरव्या मखमलीत गुंडाळलेल्या स्कॅनरवर त्याने नारंगीच्या फुलांचं पाणी शिंपडलं, आणि पडद्यावरचा कागद हळूहळू वळत सरळ झाला.

"अल्लाहु अकबर!" गल्ली दणाणली.

"मी कोण सरळ करणारा?" सी कद्दूर छातीवर हात ठेवून म्हणाला. "हे यंत्र कागद बघत नाही, बाबांनो, नियत बघतं. नियत साफ, तर अक्षर साफ!"

बतूलने कपाळावर हात मारून घेतला. ताझा गावातल्या शाळेत ती भूमिती शिकवायची, आणि या गर्दीतले निम्मे तिच्याच हाताखालून गेलेले. इतकी वर्षं आपण काय दगडांना शिकवलं, असं तिला वाटलं.

पण तिचा खरा ताप घरातला होता. तिच्या आईचा, लल्ला तामचा, वडिलांच्या घरातला वाटा आईच्याच चुलतभावाने, इद्रिसने, अडवून धरला होता. जमिनीच्या कचेरीला जुन्या दस्ताचं स्कॅन हवं होतं आणि आज दुपारी मुदत संपत होती. सी कद्दूरचं स्कॅन कचेरीने परत पाठवलं होतं: अक्षरं वाचता येत नाहीत, सही कापली गेली आहे. त्याने पुन्हा सात पाठ म्हटले, तशी अक्षरं आणखीच पुसटली. मग हा बाबा आईलाच म्हणाला, "लल्ला, कागदाला काय बोलता? स्वतःच्या मनात बघा."

आईने ते मनाला लावून घेतलं. वारलेल्या भावाशी आपण भांडलो, त्याचंच हे फळ, असं धरून ती बसली. आज ती कोर्टाकडे आली होती, ती इद्रिसला हक्कसोडपत्र लिहून द्यायचं ठरवूनच.

"यम्मा, एका स्कॅनवाल्याच्या शब्दावर घर सोडून देणार तू?"

"अल्लाहला मंजूर नाही, पोरी. अक्षरंच निघून गेली, तू बघितलंस ना!"

"निघून गेली नाहीत, याने घालवली!"

आईच्या हातातला दस्त घेऊन बतूल कोपरांनी वाट काढत थेट पुढे गेली. पिशवीतून तिने आलेखाचा कागद काढला.

"सी कद्दूर, हा लावा. पाठ मात्र मी म्हणणार."

"बाई, हे शाळेतलं काम नाही. भस्म व्हाल!"

"झाले तर शिंपडा की तुमचं पाणी."

लोक हसले. हसणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे त्याला नाही म्हणता येईना. कागद पडद्यावर तिरका उमटला. बतूलने त्याच्या शालीखाली हात घालून माउस ओढून घेतला आणि खड्या आवाजात सुरू केलं, "सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस..."

कागद वळत वळत सरळ झाला.

पुढचे लोक पडद्याकडे आणखी सरकले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पाढ्यातसुद्धा बरकत असते तर!"

बतूलला हसावं की रडावं कळेना. "अरे, बरकत कुठली? बटण आहे ते! कुणीही दाबा!" तिने मखमल ओढून काढली. खाली काचेच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी तिरकी चिकटवलेली होती. "तुम्ही कागद या पट्टीला लावून सरळ ठेवता, आणि पडतो तो तिरका. आधी वाकडं करायचं, मग सरळ करून मिरवायचं."

"मग आमची अक्षरं कुठे गेली?" गर्दीतल्या हम्मू चाचाने विचारलं.

"बघा." तिने आलेखाचं चित्र जरासं फिरवून जतन केलं, मग तेच परत, आणि परत. बारीक चौकटींचा लगदा झाला. "फिरवलं की प्रत्येक ठिपका कॉम्प्युटर अंदाजाने नव्याने भरतो, आणि जतन करताना जागा वाचवायला बारीक रेघा गाळतो. एकदा केलं तर कळत नाही. हा दर पाठाला करतो, तेही आधीच्या बिघडलेल्या चित्रावर. पुदिन्याच्या त्याच पानांवर सात वेळा पाणी ओतलं तर चहा कसा लागेल?"

"आणि सही?" आईने हळूच विचारलं.

"दस्त लिहून सही करणारे आपले अदूल प्रत्येक ओळ शेवटी वर चढवतात, मागून कुणी शब्द घुसडू नये म्हणून. याने त्या ओळी सपाट दिसाव्यात म्हणून चित्रच फिरवलं. त्यापायी अख्खा कागद कलंडला आणि कोपऱ्यातली सही बाहेर गेली."

"यंत्रात जिन्न असतो, त्याची मर्जी..." सी कद्दूर पुटपुटला.

"पाठवा त्याला माझ्या वर्गात."

तिने पट्टी उपटली आणि काचेवरचं फुलांचं पाणी पुसून काढलं. "यम्मा, तू ठेव दस्त. कागदाची कड काचेच्या कडेला. ओळींकडे बघूच नकोस." चांगलं बारीक स्कॅन घेतलं, जरासा कल उरला होता तो एकदाच काढला, आणि काहीही गाळलं जाणार नाही अशा प्रकारे जतन केलं. शेवटी चढणाऱ्या ओळी तशाच चढल्या आणि अदूलांची वेटोळी सही पुरीच्या पुरी उमटली. तिथूनच ते कचेरीला गेलं.

आई पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्या मनात काही पाप नव्हतं?"

"नव्हतं, यम्मा. पुठ्ठा चिकटवला होता."

आईने सी कद्दूरकडे वळून पाहिलं. "मेलेल्या भावाची माफी मागत मी रात्र रात्र रडले रे, मेल्या! एका पुठ्ठ्यापायी!"

तो जमिनीवर पडलेली मखमल गोळा करू लागला. एवढ्यात हम्मू चाचा आपला कागद घेऊन बतूलपुढे आला. "बाई, माझ्याही कागदावर हात फिरवा. तुमच्या हाताला गुण आहे."

बतूलचा आवाज चिरकला. "हाताला गुण नाही, चाचा! कुणाच्याच नाही! मी सांगते म्हणूनही मानू नका. डोळे आहेत, ते उघडे ठेवा, आणि कुणी काही झाकलं तर आधी ते उचलून बघा!"

चाचा कागद पुढे धरून तसाच उभा. तेव्हा आईनेच त्याचं मनगट धरलं आणि त्याला यंत्रापाशी ओढलं.

"तिच्या तोंडाकडे काय बघता? कड कडेला लावा," ती म्हणाली, "आणि बटण तुमच्या हाताने दाबा."