नागपूरची रौडी

बँकेत नोकरी करणाऱ्या बापाच्या मुलीला एक सवलत असते. दर तीन वर्षांनी बदली होते आणि शाळेचा नवा दाखला मिळतो. दाखल्यावर नाव, जन्मतारीख, वर्तणूक सगळं लिहितात, पण टोपणनाव लिहीत नाहीत. नागपुरात मी तीन वर्षं 'ओकारी' होते. का, तर आठवीत रामटेकच्या सहलीला बस वळली आणि मी वर्गशिक्षिकेच्या उघड्या पर्समध्ये ओकले. एकदाच! पण तेवढ्या एकदावर दहावीपर्यंत माझ्या शेजारी बसून कोणी डबा उघडला नाही.

त्यामुळे चेन्नईला, अण्णा नगरच्या शाळेत अकरावीत पाऊल टाकलं ते तयारीनेच. शेजारी विद्यालक्ष्मी बसली होती. दोन घट्ट वेण्या, वर्गात कायम पहिली, आणि मूळची तंजावरच्या मराठी घरातली. मी मराठी आहे कळताच तिने तिचं घरातलं मराठी बाहेर काढलं.

"नागपूरची शाळा कशाला सोडलीस गे?"

"मी नाही सोडली, त्यांनी काढलं," मी जमेल तेवढ्या थंडपणे म्हणाले. "एका मुलाचा दात पाडला."

"अय्यो," ती म्हणाली, आणि तिचा दहीभात माझ्याकडे सरकवला.

मधल्या सुट्टीपर्यंत त्या एका दाताचे तीन झाले. शुक्रवारपर्यंत तो मुलगा आयसीयूत गेला. पुढच्या आठवड्यात मी एक रात्र पोलीस कोठडीत काढून आले. मी यातलं अक्षरही बोलले नव्हते, पण खोडूनही काढलं नाही. का काढू? वर्गात माझं नाव 'नागपूर रौडी', म्हणजे नागपूरची गुंड, पडलं होतं. कँटीनच्या रांगेत मला आपोआप वाट मिळायची. शेवटच्या बाकावरचा कौशिक, जो सगळ्यांना नावं ठेवायचा, त्याने पंख्याखालची जागा स्वतःहून मला दिली. खेळाचे राममूर्ती सर तर मला न विचारता कबड्डीची कॅप्टन करून मोकळे झाले. मी आयुष्यात कबड्डी खेळलेली नाही.

विद्या मात्र पहिल्या दिवसासारखीच होती. रोज डबा उघडायची, माझे पोहे खायची, गणित शिकवायची. मला पहिल्यांदाच शाळेत जावंसं वाटत होतं आणि त्याचं कारण पंखा नव्हता.

मग एका सोमवारी ती डोळे सुजवून आली.

"अम्माला देवळात कोणी सांगितलं, रौडी पोरीशेजारी बसते म्हणून. शनिवारी पालकसभा आहे. मिसला सांगून सेक्शन बदलणार."

त्याच दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि सांगून टाकलं की दात, आयसीयू, कोठडी, सगळं खोटं आहे. कौशिक आदराने म्हणाला, "केस चालू असणार. वकिलाने असंच बोलायला सांगितलं असणार." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता एकच उपाय उरला होता, माझी आई. बदलीवाल्या घरात असते तशी आईकडे एक फाइल आहे. त्यात माझी बालवाडीपासूनची सगळी प्रशस्तिपत्रकं प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेली आहेत. ती फाइल उघडली की आईचं तोंडही उघडतं, आणि मग ते मिटत नाही. काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी शनिवारी मीच आईला विद्याच्या अम्माशेजारच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

"तुम्ही मराठी?" आईला चेन्नईत लॉटरी लागली. पाच मिनिटांत फाइल मांडीवर होती. शंभर टक्के हजेरी, हस्ताक्षरात दुसरा क्रमांक, आदर्श विद्यार्थिनी. अम्मा एकेक पान निरखून बघत होती.

"ही पोर मारामारी करती म्हणून ऐकले मी," अम्मा म्हणाली.

"ही? अहो, झुरळ दिसलं तर पलंगावर चढते!" आई हसली. मग तिचा आवाज चढला आणि रामटेक आलं. बस आली, वळण आलं, पर्स आली. पर्समध्ये काय काय होतं, तेही आलं. आमच्या मागच्या रांगेत कौशिक त्याच्या आईबरोबर बसला होता. त्याचा नागपूरला राहून आलेला मामाही शेजारीच निघाला आणि त्याने भाच्याला सगळं तमिळमध्ये नीट समजावून दिलं.

अम्मा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बसू दे गे दोघींना एकत्र," ती म्हणाली, आणि आईला घरी जेवायला बोलावून टाकलं.

मी बाहेर जिन्यावर जाऊन बसले. विद्या मागोमाग आली.

"मी तुझ्याशी खोटं बोलले," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"ठाऊक की. बोलताना तू वही उलटी धरली होतीस."

"मग गप्प का राहिलीस?"

"गप्प कुठे राहिले?" विद्याने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "एका दाताला या वर्गात कोण भितो? तीन मी केले. आयसीयू पण मीच. कोठडी सुचायला मला दोन दिवस लागले. देवळापर्यंत जाईल असं मात्र वाटलं नव्हतं."

वर्गात पहिली येणारी, दोन वेण्यांची विद्यालक्ष्मी!

"कशाला पण?"

"मागच्या शाळेबद्दल इतकं मोठं खोटं बोलतेस, म्हणजे तिकडे कोणी बरं वागलं नसणार तुझ्याशी. म्हटलं, इथे कोणी हसायला नको."

चार गावं, चार शाळा. माझ्यासाठी आजवर कोणी खोटं बोललं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि वर जिन्यात कौशिक उभा आहे हे दिसूनही मी ते आवरलं नाही.

"ओमिट रौडी!" तो ओरडला. व्हॉमिटचं इकडे ओमिट होतं, म्हणजे ओकारी चेन्नईलाही पोचली.

विद्या उठली, त्याच्याकडे शांतपणे बघून गोड हसली आणि माझ्या कानाशी वाकली.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "कौशिकबद्दल काय सांगायचं, बोल."