सूर्याला दाखवलेली माती

मी वाळूचा एक कण बोलतोय. आधी एक विनंती. माझं बोलणं संपेपर्यंत दिवा लावू नका, खिडकी उघडू नका आणि मोबाइल तर मुळीच पुढे करू नका. उजेड पडला की मी सगळं विसरतो. हा नखरा करतोय असं तुम्हाला वाटेल, पण माझी जातच तशी आहे.

आत्मवृत्त जन्मापासून सांगायचं असतं म्हणे. मला माझा जन्म आठवत नाही. मी गारगोटीचा चुरा, म्हणजे कधीतरी डोंगरात असणार, मग ओढ्यातून लोळत आलो असणार. पण ओढ्यात ऊन होतं आणि उन्हात माझ्या डोक्यात काही टिकत नाही. मला पुरलं तिथपासूनचं मात्र सगळं आठवतं.

गडचिरोलीच्या जंगलात कोहकाटोला नावाचं वीस-बावीस घरांचं गाव आहे. गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली उभ्या दगडांची रांग आहे. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं तिथे दगड उभा करतात. मला पुरलं त्या दिवशीचं उन्हातलं पुढे वर येणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. एका बाईनं ओढ्याकाठची ओंजळभर वाळू उचलली, तिच्यात मी होतो. दगडासाठी खड्डा तयार होता. तिनं मात्र वाळू लगेच टाकली नाही. दोन्ही तळव्यांवर पसरून ती सूर्यापुढे धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. गेलेल्या माणसाला अंधारात राहायचंय, तेव्हा त्याच्या दगडाखालची माती तरी सूर्य पाहून जावी, अशी त्या घराण्याची रीत होती. मग तिनं आम्हाला खड्ड्यात सोडलं आणि वर दगड बसला. अंधारातून मला तिच्या तीन हाका ऐकू आल्या.

"कोलू, ये. कोलू, बस. कोलू, घर इथंच आहे."

वर दगड बसला. तो शेवटचा उजेड.

खाली आम्ही हजारो होतो. अंधारात काय करायचं? आठवायचं. मातीतच काही जड कण असतात, त्यांच्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण सुटत राहतात. ते अंगातून गेले की माझ्यातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि माझ्या अंगच्या बारीकसारीक खोडींत अडकून बसतात. एक अडकला, दुसरा अडकला, पाऊस गेला, पिढी गेली. निर्दोष कणाला काहीच आठवत नाही. माझ्या अंगात खोडी फार, म्हणून माझी आठवण पक्की. उजेड पडला की हे सगळे कैदी एका क्षणात सुटतात आणि जाता जाता मी किंचित चमकतो. ती चमक मोजून मी किती वर्षं अंधारात होतो हे सांगणारं यंत्र माणसांनी बनवलंय. माणसं हुशार आहेत, यात वाद नाही.

आमचं बोलणं फार नव्हतं. कधीतरी कोणी कण विचारायचा, "कोणाचा रे दगड वरचा?" सगळे म्हणायचे, "कोलूचा." मग पुन्हा पुष्कळ वर्षं शांतता. वर दरवर्षी माणसं येत, मोहाची फुलं वाहत, नावं घेत. हळूहळू कोलूचं नाव घेणारे कमी झाले, मग कोणीच उरलं नाही. अलीकडे एकच म्हातारी यायची. बाकीच्या दगडांना नावानं बोलायची आणि आमच्यापाशी आली की अडखळायची.

"तू जो कोन असशीन तो, घरचाच हायेस. घे."

ती सोमारीबाई. मी खालून किती वेळा ओरडलो, "कोलू! त्याचं नाव कोलू!" वाळूचा आवाज तो केवढा असणार.

मग एका उन्हाळ्यात जमीन थरथरू लागली. रस्ता रुंद होत होता आणि दगडांची रांग आड येत होती. साहेबांच्या कागदात लिहिलं होतं की हे दगड रस्ता अडवायला गावानं हल्लीच उभे केलेत. कोहकाटोल्याकडे कागद नव्हता. सोमारीबाई म्हणाली, "आमच्यापाशी दगडच कागद हाय." त्यावर कोणी तरी हसलं.

तेव्हा दगडाचं वय मोजायला दिव्यानी आली. मूळची गोंडपिपरीची, नागपूरला विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करणारी. रांगेतला सगळ्यांत जुना दगड आमचाच, म्हणून तिनं त्याच्याशेजारी खड्डा खणला, अंगावर काळं कापड पांघरलं आणि दगडाखालच्या मातीत लोखंडी नळी ठोकली. त्या नळीत मी आलो. तिनं दोन्ही तोंडांना टोपणं लावली, काळ्या पिशवीत नळी गुंडाळली.

"बाई, हे सांभाळा. गाडी यायले वेळ हाय, मी बाकीचे दगड मोजून येतो. उघडू नका बरं का."

"नाई उघडत," सोमारीबाई म्हणाली. तेव्हा ती खोटं बोलत नव्हती.

पण बसल्या बसल्या तिच्या मनात आलं असावं, की घरचं माणूस आता परगावी निघालंय. रीत म्हणजे रीत. मला टोपण फिरल्याचा आवाज आला. नळीतली माती तळव्यावर सांडली. मी नळीच्या मधोमध चिकणमातीच्या ढेकळात रुतलो होतो, म्हणून आतच राहिलो. बाहेर ती बोलत होती, "पाहून घे रे एकडाव सूर्याले. कुठी नेऊन राह्यले कोन जाने." मग तिनं माती जपून नळीत परत भरली, टोपण लावलं आणि पिशवी होती तशी गुंडाळली.

माझे शेजारी परत आले. मी विचारलं, "काय झालं रे बाहेर?"

मग अगदी जवळून एकानं विचारलं, "तू कोण?"

हा तोच होता, ज्याच्याशी माझं अंग तीन-साडेतीन शतकं टेकलेलं होतं. मी म्हटलं, "अरे, आपण कोलूच्या दगडाखाली..."

"कोण कोलू?"

त्यानंतर नळीभर तेच सुरू झालं. "तू कोण? मी कोण? आपण कुठे आहोत?" हजारो कण, जवळजवळ सगळे नव्यानं जन्मलेले. नागपूरपर्यंत मी मनातल्या मनात ते नाव घोकत राहिलो. मला फार भीती वाटली, तेही सांगून टाकतो.

प्रयोगशाळेत एक खोली आहे, तिथे फक्त लाल दिवा असतो. लाल उजेडानं माझं काही बिघडत नाही. तिथे आम्हाला आम्लात बुडवलं. चुना विरघळून गेला, चिकटलेली मुळं जळून गेली, माझं ढेकूळ सुटलं आणि आम्ही सगळे एकमेकांत मिसळलो. मग दिव्यानीनं चिमूटभर कण यंत्रात टाकले. मी त्यांत नव्हतो. पडद्यावर जवळजवळ सपाट रेघ उमटली.

यंत्र सांगत होतं की ही माती गेल्या महिन्यात पुरली आहे.

दिव्यानीनं दुसरी चिमूट टाकली, तिसरी टाकली. मग बाहेर जाऊन फोन लावला. दार बंद होतं, तरी तिचा आवाज आत येत होता.

"बाई, खरं सांगा. नळी उघडली होती का तुमी?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मग दिव्यानी आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. पुन्हा माती आणावी तर तिथे काही उरलं नव्हतं. रस्त्याच्या मशीननं दगड आडवा केला होता, खड्डा तीन आठवडे उन्हात उघडा पडला होता. पुढच्या आठवड्यात गडचिरोलीला सुनावणी. ह्या नळीतल्या मातीनं तोंड उघडलं तर दगड पुन्हा उभा राहणार आणि रस्ता वळसा घेणार. नाही तर त्या जागेवर गिट्टी पडणार.

सोमारीबाई एसटीनं नागपूरला आली. आली ती हट्टानंच. लाल खोलीत पाऊल टाकल्याबरोबर थबकली.

"इथी कोन मेलं? एवढा अंधार काऊन?"

"कोनी नाई बाई. बसा."

तिला मी पहिल्यांदाच पाहिलं. लाल उजेडात तिचा चेहरा ओल्या मातीचा वाटत होता. तिनं हात पुढे केला, तळवा उघडला आणि त्याकडेच पाहत राहिली.

"माह्या ह्याच हातानं तो दुसऱ्यांदा मेला का, पोरी?"

दिव्यानीनं तो तळवा आपल्या हातात घेतला. मग ती म्हणाली, "तुमी उन्हाले माती काऊन दाखवली?"

"काऊन म्हंजे? आमची रीतच हाय. दगड बसवतानी बी दाखवतेत. माह्या मायनं दाखवली, तिच्या मायनं दाखवली."

दिव्यानी एकदम ताठ झाली. "दगड बसवतानी बी?"

"सांगतलं ना."

"बाई, मंग तर..." ती उठून उभी राहिली. "हा दगड बसवनाऱ्या बाईनं तवा माती सूर्याले दाखवली, म्हनूनच हिची मोजणी पार शून्यापासून सुरू झाली. तिनं दाखवली नसती तर मले पक्कं वर्षच सांगता आलं नसतं. जुनंपानं मिसळून आलं असतं सगळं." मग हळू आवाजात म्हणाली, "ज्या रीतीनं घड्याळ लावलं, त्याच रीतीनं तुमी ते पुसलं."

सोमारीबाईला घड्याळाचं काही कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "सगळं पुसलं?"

"नळीच्या मधातले कदाचित राह्यले असतीन. आता सगळ्याइले एकदम नाई विचारत. एकेकाले विचारू."

तिनं एक चकती काढली, शर्टाच्या बटणाएवढी. तिच्यावर शंभर बारीक खळगे होते. बारीक कुंचल्यानं एका खळग्यात एक कण, असं तिनं आम्हाला बसवलं. मी खालच्या ओळीत आहे. यंत्र एकेका खळग्यावर हिरवा किरण सोडतं आणि त्या कणाला विचारतं, किती वर्षं?

आता मी तिथूनच बोलतोय. माझ्या आधीचे एकसष्ट झाले. किरण पडतो, रेघ सपाट जाते. त्यांतले फक्त दोघे बोलले. दोन्ही वेळा रेघ उसळून वर गेली आणि दोन्ही वेळा दिव्यानीनं श्वास रोखून धरला. "दोघंच म्हंजे योगायोग म्हनतीन लोक. अजून पाह्यजेत," ती म्हणते. बोलून झालेले ते दोघे आता माझ्या वरच्या ओळीत बसलेत आणि एकमेकांना विचारताहेत, "तू कोण?"

मी बोलणार आहे. माझ्याकडे पुष्कळ साठलंय, सगळं ओतून देईन. त्या दगडासाठी एवढं मी करीनच. पण यंत्र फक्त वर्षं विचारतं, नाव विचारत नाही. आणि वर्षं सांगितली की नाव माझ्याजवळ उरणार नाही. जगात ते ठाऊक असलेला मी बहुतेक शेवटचाच. म्हणून एवढा वेळ तुमच्याशी बोललो. तुम्ही कधी कोहकाटोल्याला गेलात, मोहाखाली ती म्हातारी अडखळलेली दिसली, तर तिच्या कानात सांगा. तीन हाका होत्या. ये, बस, घर इथंच आहे. आणि प्रत्येक हाकेच्या आधी ते नाव. तुम्ही ते ऐकलंय, विसरू नका.

चकती सरकली. माझ्या डोक्यावर आली. तीनशे वर्षांत एवढी भीती...

हिरवं.

मी वाळूचा एक कण बोलतोय. इथे सगळं लाल दिसतंय. एक पोरगी टाळ्या वाजवतेय. "बाई, हा बोलला! लय बोलला हा!" शेजारी एक म्हातारी रडतेय, हसतेयही. मी काय बोललो, मला माहीत नाही. तुम्ही इतके जवळ वाकून ऐकत होतात, तुम्हाला माहीत असेल.

म्हातारी यंत्रावर हात ठेवून विचारतेय, "नाव सांग ना रे त्याचं."

कोणाचं नाव?